पेरू खाणारी शेळी

तपासणीच्या दिवशी हुशार पोरं पुढं बसवायची अन् उत्तरं आधी घोटून घ्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मला तिचा लई संताप येतो. पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोडवरच्या शाळेत मी दुसरीला शिकवते. आमच्या चार टॅबवर पोरं गोष्टी बनवतात. पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकाखाली एक लावले की चित्रं त्या क्रमानं चालतात, बोलतात. हेडसरांना ते कार्टूनचे चाळे वाटायचे. "तपासणीच्या साहेबांना पटलं नाही तर टॅब कपाटात," त्यांनी बजावलं होतं. अन् आमच्या कपाटात गेलेली वस्तू कधी परत बाहेर आलीय का?

"तुम्हीच एक छान गोष्ट करून ठेवा, मॅडम. पोरांनी नुसतं बटण दाबायचं," ते म्हणाले.

"अजिबात नाही. पोरांचंच दाखवणार. चुकलं तर चुकलं."

पुढं बसवली ती वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी पोरगी. घरी शेळ्या राखायची, म्हणून गोष्टीतही शेळीच. बागेचं फाटक उघडं असेल तर आत जा, पेरू खा. बंद असेल तर ओरड. हे तिचं तिनं जुळवलं, त्या दिवशी मला रडूच आलं होतं.

साहेबांसमोर तिनं बटण दाबलं. शेळी आत गेली, झाडावरचे पाचही पेरू संपवले अन् रिकाम्या फांदीला तोंड लावून चघळतच राहिली. थांबेचना! मागची पोरं खिदळली. साहेबही हसले, "चुकलं की हो, मॅडम!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काही बोलणार, तेवढ्यात पोरगीच बोलली.

"शेळी नाय चुकली, साहेब. सांगितलं तसंच ती करती. पेरू संपले की थांब, हे सांगायचं म्या इसरले."

कुणाला न विचारता तिनं वरून खालपर्यंत एकेका ठोकळ्यावर बोट ठेवलं, एक काढला, दुसरा घातला, परत बटण दाबलं. शेळीनं पाच पेरू खाल्ले अन् झाडाखाली बसली. वा गं माझी वाघीण! चारचौघांत चूक आपली म्हणायची अन् तिथंच दुरुस्त करायची, हे आमच्या खात्यात कुणाला जमतं?

साहेबांनी शेरा लिहिला, 'पाठांतराकडे लक्ष द्यावे', अन् चहाला गेले. हेडसरांनी मला टॅब कपाटात ठेवून कुलूप लावायला लावलं अन् चावीसाठी माझ्यापुढं हात केला.

"मी नाही देत," मी म्हणाले अन् चावी त्या पोरीच्या हातात ठेवली. "आता हिच्याकडून मागा."

"दे बाळा," हेडसर तिच्याकडं वळले.

तिनं मूठ मिटली. "परत कवा काढायचे, ते आधी सांगा सर. मग देते."

हेडसरांना ते अजून सांगता आलेलं नाही. चावी तिच्याकडंच आहे.