जावईबापूंच्या हेल्मेटचा पट्टा

हे आजपर्यंत माझ्या तोंडून निघालं नाही. बायकोले नाही, मायले नाही. तुले सांगून राहिलो — काहून, ते मलेही माहीत नाही. ऐक फक्त.

माझ्याजवळ इलेक्ट्रिक बोर्ड आहे, तू पाहिलाच असशील. चार चाकांची फळी, खाली मोटर, हातात रिमोट. मेट्रोतून सीताबर्डीले उतरतो अन् त्याच्यावर उभा राहून ऑफिसले जातो. सिग्नलवर कॉलेजची पोरं विचारतात, तर मी मास्तरासारखा सांगत सुटतो — हेल्मेट घाला गा. सिमेंट रोडच्या जोडातल्या फटी पाहून चालवा, चाक अडकते. ओल्या रस्त्यावर तर नेऊच नका. अन् बॅटरी काठोकाठ भरली असली तर उतारावर जाऊ नका. ब्रेक लागला की वीज बॅटरीत परत जाते. तिथं जागाच नसली तर ब्रेक धरत नाही. मग सुटला तो सुटलाच.

हे साऱ्यांले सांगतो. एकाले सांगितलं नाही — माझ्या बहिणीच्या नवऱ्याले.

अधिक महिना होता. वैशू अन् जावईबापू भिवापूरवरून धोंड्याच्या जेवणाले आले होते. आता आपल्याकडचं तुले माहीतच आहे — जावयाच्या ताटात अनारसे वाढायचे अन् साळ्यानं त्याची फिरकी घ्यायची. हक्कच असते तो. पण त्या दिवशी त्यांनीच माझी घेतली. कोपऱ्यात चार्जिंगले लावलेला बोर्ड पाहून म्हणे, "काय दादा, तान्ह्या पोळ्याचा नंदी आणला का? दोरी कुठी हाय याची?" लहान पोरं चाकाचा लाकडी नंदी ओढत नेतात ना, तो. सारे हसले. बाबा तर डोळे पुसेपर्यंत हसले — माझ्या कोणत्या गोष्टीवर ते एवढे हसले होते कधी? मीही हसलो. आतून जळलो, खोटं काहून बोलू?

ऊन उतरल्यावर म्हटलं, "चला जावईबापू, नंदी चालवून तर पाहा."

टेकडीचा उतार घरापासून जवळच आहे. बोर्ड चार्जिंगवरून तसाच उचलला. रिमोटवर शंभर दिसत होतं. मी पाहिलं होतं, बरं का. विसरलो म्हणायची सोय नाही.

सपाटीवर दोन-चार फेऱ्या मारू दिल्या. मग उताराकडे बोट केलं. थोडा सुटेल, ओरडतील, झुडपात जातील, वैशू हसेल — एवढंच डोक्यात होतं. एवढंच होतं का? मग हेल्मेट मीच काहून घातलं त्यांच्या डोक्यात? पट्टा मीच हनुवटीखाली आवळला, वरून ओढून पाहिला. मी स्वतःचा कधी एवढा घट्ट लावत नाही. म्हणजे ते पडणार, हे मले माहीत होतं. माहीत होतं अन् मी पाठवलं. झालं. हेच सांगायचं होतं.

ब्रेक धरला नाही. "दादा, थांबून नाही राहिला!" — एवढंच ओरडले. उजव्या कोपरावर पडले. ऑपरेशन झालं, सळई टाकली, तरी हात पुरा वाकत नाही. घास तोंडापर्यंत येत नाही, म्हणून तोंड घासापर्यंत नेतात. डाव्या हातानं जेवणार नाही म्हणतात. व्हॉलीबॉल खेळायचे, तोही सुटला, ते तर सोडच.

अन् वैशू? ती त्यांच्यावरच चिडते, चारचौघांत. "यांले कोणी सांगितलं होतं उतारावर जायाले? दादानं हेल्मेट घातलं म्हणून वाचले, नाही तर —" जावईबापू कसंनुसं हसतात. "हो वं, चूक माहीच." त्यांचा खरंच विश्वास बसला आहे की चूक त्यांचीच.

मले काय वाटते, विचारशील. काही वाटत नाही.

राखीले दोघं आले होते. वैशूनं राखी बांधली, तेच वाक्य म्हटलं — दादानं हेल्मेट घातलं म्हणून वाचले — अन् माझ्या तोंडात पेढा घातला. समोर जावईबापू मान वाकवून घास घेऊन राहिले होते. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं.

मी पेढा गिळला अन् दुसरा मागितला.