सोमवारचा कोंबडा

सुंदराच्या अंगणात कोंबडा पकडायची धावपळ मी पाच वर्षं पाहिली. तो कोंबडा कापलेला मात्र एकदाही पाहिला नाही.

आमच्या दोघींची भिंत एकच. मी अंगणवाडीत सेविका, त्यामुळे अख्खं गाव मला बाई म्हणतं आणि सुंदराही बाईच म्हणते. बाजाराचं टोकावडं आमच्या गावाहून पायवाटेने जवळ, रस्त्याने लांब. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा मी तिला म्हटलं, "आता तरी गाडीत बस गो."

ती म्हणाली, "अर्धं वाचतं खरं. पन अर्धं जातंच ना, बाई."

आणि चपला हातात घेऊन पायवाटेला लागली. चपला हातात कशाला, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

तिचा नवरा जयराम मुरबाडच्या कारखान्यात कंत्राटी कामाला. काम असलं की पगार, नसलं की ओटीवर बसून विडी. भात शेतातलं, बाकी तेल-मीठ सगळं विकतचं. त्यात पोरगी कुणाली मुरबाडला राहून नर्सिंग शिकते. तिचं हे शेवटचं वर्ष. आपल्या पोरीने पांढरा कोट घालून दवाखान्यात उभं राहावं, एवढं एकच सुंदराच्या डोक्यात होतं आणि त्यापायी ती घरातली प्रत्येक गोष्ट पिळून काढायची. साबणाच्या चिपा एकमेकींना चिकटवून नवी वडी करायची. टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरायची.

पण चिकटपणा कुणीही करील. सुंदराची कला वेगळी होती. ती कुणाला कधीच नाही म्हणत नसे. समोरच्यालाच नको म्हणायला लावायची. मी तिच्याकडे चहाला गेले की साखरेचा डबा हातात घेऊन ती काळजीने विचारी, "बाई, तुमाला साखर चालते ना? आता वय झालं, म्हनून इचारते." यावर कुठली बाई दोन चमचे घाल म्हणेल? मी बिनसाखरेचा चहा पिऊन घरी यायचे आणि घरी येऊन गोड चहा करून प्यायचे.

कोंबड्याचंही तसंच. आमच्याकडे पाहुणा आला की गावठी कोंबडा कापायचा, हा मान. घरच्यांना ब्रॉयलर चालतो, पाहुण्याला तो वाढला तर पाहुणा वर्षभर बोलून दाखवतो. सुंदराकडे एक तांबडा, तुरेबाज कोंबडा होता. काम ना धाम, दिवसभर छाती काढून फिरायचा, म्हणून मी त्याचं नाव शेठ ठेवलं होतं. पाहुण्याने पिशवी खाली ठेवायच्या आत सुंदरा ओरडायची, "आवो, शेठला धरा!" जयराम धावायचा, कोंबड्या कलकलायच्या, धूळ उडायची आणि पाहुणा भारावून म्हणायचा, "अगो नको, नको! माझा आज गुरुवार."

मग सुंदराचं तोंड असं उतरायचं की पाहुण्यालाच वाईट वाटावं. "काय हो मामा, नेमके गुरुवारीच कसे आलात?"

गुरुवारी यायला फोन तिनेच केलेला असायचा. कोणाचा सोमवार, कोणाचा शनिवार, कोण संकष्टी धरतो, कोणाच्या गळ्यात माळ आहे, सगळं तिला तोंडपाठ होतं. जयरामचा चुलतभाऊ हेमंत कुठलाच वार धरत नसे, पण त्याला मूळव्याध होती, तिखट बंद. त्याला ती कुठल्याही दिवशी बोलवायची. पाहुणा वालाचं बिरडं आणि भाकरी खाऊन, मान मिळाला म्हणून खूश होऊन जायचा. शेठ पुन्हा उकिरड्यावर जायचा.

या सगळ्यात सर्वांत सोपी पाहुणी म्हणजे छायाबाई, जयरामची थोरली बहीण, शहापूरकडे दिलेली. आई गेली तेव्हा जयराम रांगत होता. छायाबाईंनी त्याला कडेवर घेऊन वाढवला. वर्षातून एकदा माहेरी यायच्या आणि नेमक्या आपल्या उपासाच्या सोमवारी यायच्या. सुंदराला फोनसुद्धा करावा लागत नसे.

मागच्या पावसात मात्र त्यांचाच फोन आला. "मी रविवारी येते. गटारीला."

सुंदरा मोबाइल हातात घेऊन तशीच बसली. गटारी म्हणजे श्रावणाच्या आधीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी वारकरी सोडले तर सगळा मुलूख खातो. दुसरं म्हणजे, त्या दिवशी गावठी कोंबड्याला दुप्पट भाव. टोकावड्याच्या ढाब्यावरच्या भावेशला तिने शेठ आधीच सांगून ठेवला होता. त्या पैशांत कुणालीची परीक्षेची फी जायची होती आणि फॉर्मची शेवटची तारीख होती मंगळवार.

शनिवारी संध्याकाळी भिंतीपलीकडे भांडण लागलं. मी कान लावला नव्हता. भिंतच कुडाची आहे.

"यंदा तायच्या ताटात शेठ पायजे," जयराम म्हणाला.

"आन कुनालीची फी?"

"बगू."

"बगू म्हंजे कोन बगनार? मीच ना?"

"आयशीच्या माघारी तिनं मला भरवलंय," जयराम म्हणाला. एरवी तो आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. "पाच वरसं तिला बिरड्यावर काढलीस तू. उद्या कोंबडा नाय कापला तर मी तिला तोंड नाय दाखवनार."

भांडण तिथेच थांबलं. रात्री सुंदरा जेवली नाही. मला तिची दया आली, पण खरं सांगते, थोडी गंमतही वाटली. पाच वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायले होते मी.

रविवारी सकाळी ती मागच्या दाराने आली. हातात शेठ, पाय बांधलेले. "बाई, संध्याकाळपत्तुर तुमच्या डालग्याखाली ठेवा."

"आणि मी गप्प बसायचं, त्याचं काय देतेस?"

"आशीर्वाद," ती म्हणाली. तो फुकट असतो.

मी शेठला चुलीशेजारी डालग्याखाली ठेवलं. चुलीवर माझा ब्रॉयलर शिजत होता. शेठ डालग्याच्या फटीतून त्या टोपाकडे बघत बसला.

दुपारच्या एसटीने छायाबाई आल्या, तेव्हा मीही सुंदराच्या ओटीवर जाऊन बसले होते. ओटीवर टेकतात न टेकतात तोच सुंदराने डोळ्याला पदर लावला. "काय सांगू वन्सं. राती बिबट्या आला. शेठला नेलान." आणि तिने खुराड्यापुढे पडलेली तांबडी पिसं दाखवली. शेठची पिसं ती कधीपासून साठवून ठेवत होती कोण जाणे. तिच्या घरात फेकायचं असं काही नसतंच.

जयराम खाली मान घालून उभा होता. सकाळी उठून त्याने खुराडं पाहिलं होतं, पण बिबट्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि बहिणीसमोर बायकोला खोटं पाडायचं धैर्यही त्याला नव्हतं.

छायाबाईंनी पिसं पाहिली. मग खुराड्याजवळ दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांकडे पाहिलं. "येवढ्या कोंबड्या सोडून बिबट्यानं एकटा कोंबडाच नेला?"

"हां, वन्सं."

"कोंबड्यांचा उपास असंल त्याचा," छायाबाई शांतपणे म्हणाल्या.

तेवढ्यात माझ्या घरातून शेठने खणखणीत बांग दिली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा मोबाइल वाजतोय."

"मंग उचल ना," छायाबाई म्हणाल्या.

मी आत गेले. डालग्याकडे तोंड करून मोठ्याने "हॅलो" म्हणाले. शेठने तेवढ्याच मोठ्याने उत्तर दिलं. बाहेर आले तेव्हा छायाबाई पदरात तोंड घालून हसत होत्या आणि सुंदराचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. जयरामला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"ताय, माफ कर," तो कसाबसा म्हणाला.

"तू गप रे. सुंदरे, हिकडं बस." छायाबाईंनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. "मी सोमवार कवापासून धरते?"

"तुमी नेहमीच धरता ना, वन्सं."

"माझ्या घरी जाऊन इचार. सोमवारी आमच्याकडं सुकट असतंय. मी सोमवार धरते तो फकस्त तुझ्या दारात." हसू थांबवून त्या पुढे म्हणाल्या, "पयल्या वरसी आले तवा कुनाली ओटीवर पुस्तक घेऊन बसलेली. तू याला कोंबड्यामागं पळवत होतीस, पन तुझा जीव त्या कोंबड्यात अडकलेला मला दिसला. म्हटलं, पोरीच्या शिक्षनाच्या आड माझा घास कशाला? तितक्यात सोमवार आठवला."

मला राहवलं नाही. "मग यंदा गटारीला का आलात?"

"मजा बघायला. सोमवारी हिला सोपं जातं. म्हटलं, गटारीला काय करते बगूया. पन बिबट्या येईल असं नव्हतं वाटलं गो."

सुंदरा हसली नाही. तिच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी आलं, मघाशी पदर लावला होता तेव्हा आलं नव्हतं ते. आपण पाच वर्षं या बाईला फसवतोय असं ती समजत होती, आणि ती बाई पाच वर्षं मुद्दाम फसवून घेत होती. ती उठली, माझ्या घरात गेली, डालगं उचललं आणि शेठला आणून जयरामच्या हातात दिलं.

"कापा," ती म्हणाली.

"आन फी?" जयराम म्हणाला.

"बगू. कापा म्हनते ना."

जयरामने सुरी आणली. शेठला पहिल्यांदाच काही गडबड आहे असं वाटलं असावं, कारण तो एकदम गप्प झाला. एवढी वर्षं त्याला बोल लावले, पण त्या क्षणी मी तोंड फिरवलं.

"थांब रे," छायाबाई म्हणाल्या. "आज वार कोन्ता?"

"रविवार."

"मंग माझा आज रविवार हाय."

"रविवार कोन धरतं, वन्सं?"

"मी धरते. आजपासून."

त्या गटारीला गावात घराघरातून वाटणाचा वास सुटला होता, आणि सुंदराच्या ओटीवर आम्ही चौघं वालाचं बिरडं आणि भाकरी खात होतो. माझा ब्रॉयलर भिंतीपलीकडे थंड होत होता. पण छायाबाई रविवार धरून बसलेल्या असताना उठायचं तरी कसं? जयराम मात्र बहिणीच्या ताटाला ताट लावून बसला होता आणि इतका पोटभर जेवला की सुंदराने भाकऱ्या मोजायच्या सोडून दिल्या.

जेवण झाल्यावर शेठला पिशवीत घालून आम्ही तिघी बायका पायवाटेने टोकावड्याला निघालो. सुंदराने चपला हातात घेतल्या. छायाबाईंनी माझ्यासारखा संकोच केला नाही. "चपला हातात का गो?"

"पायवाट मऊ हाय, वन्सं. हितं झिजवून काय करू? डांबरावर घालते."

छायाबाईंनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच्याही काढल्या.

ढाब्यावर भावेशने शेठला पिशवीतून काढलं, पाय उचलून नख्या पाहिल्या आणि भुवया वर केल्या. "काकी, वय काय याचं?"

"दीड वरीस," सुंदरा म्हणाली.

"दीड बी नसंल पुरतं," छायाबाईंनी पापणी न लववता साथ दिली. "लाडात वाढलाय, म्हनून मोठा दिसतो."

पैसे मिळाले. शेठ किती तास शिजला आणि गिऱ्हाइकं भावेशला काय बोलली, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पण तोवर श्रावण लागला होता आणि कोंबड्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. कुणालीचा फॉर्म सोमवारीच भरला गेला.

त्या रविवारी संध्याकाळी टोकावड्यालाच छायाबाई परतीच्या एसटीत चढल्या. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी सुंदराचा हात धरला. "कुनाली नोकरीला लागली का माझे सगळे वार सुटले. ध्यानात ठेव. आन मंग असला शेठबिठ नाय चालायचा, कोवळा पायजे."

येताना पायवाटेवर सुंदरा माझ्यापुढे झपाझप चालत होती. घरी पोचल्यावर तिने नव्या पिलांतलं एक चिटुकलं तांबडं पिल्लू निवडलं आणि त्याच्या पायात लाल दोरा बांधला.

"हे कशाला गो?" मी विचारलं.

"वन्संचं हाय हे," ती म्हणाली. "याला कंच्या पावन्यापुढं धरायचं नाय."

मग तिने मला चहाला बसवलं आणि काही न विचारता साखर घातली.