दोन हजाराच्या आतली गुरगुर

मला गिटार वाजवता येत नाही, ही गोष्ट बावीस वर्षं जगात फक्त मला एकट्याला माहीत होती. (निदान माझी तशी समजूत होती!)

त्याचं असं झालं. कॉलेजात असताना मी नांदेडच्या एका स्टुडिओत फोटो काढला. मागं बर्फाच्या डोंगराचा पडदा आणि हातात धरायला तीन वस्तू, टेलिफोन, बंदूक आणि गिटार. टेलिफोन आधीच एका नवरदेवाच्या कानाला होता. बंदूक धरली की मी दरोडेखोर न दिसता ती बंदूक चोरलेला माणूस दिसायचो. उरली गिटार. फोटो झकास आला. पुढं लग्नाचं बघायला लागले तेव्हा घरात माझा दुसरा बरा फोटोच नव्हता, म्हणून तोच बायोडाटाला चिकटवला, आणि फोटोला शोभावं म्हणून आमच्या मामांनी छंदापुढं लिहून टाकलं, 'वाचन, गिटारवादन.' (वाचनही खोटंच होतं. पण ते कुणी तपासत नाही!)

मुलगी बघायला गेलो. मुलीनं, म्हणजे सुनंदानं, पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि सरळ विचारलं, "गिटार वाजवता?"

"हाव," मी म्हणालो. "सवड मिळाली की."

लग्न झालं. महिन्याभरात दुसरा प्रश्न आला, "गिटार कुठाय?"

"उदगीरला. बालाजी म्हणून दोस्त हाय माझा, त्यानं नेलीय वाजवायला."

हा बालाजी मी जागच्या जागी जन्माला घातला होता. पण जन्माला घातलेल्या माणसाला पोसावं लागतं! उदगीरला कुणाचंही लग्न निघालं की सुनंदा म्हणायची, "येताना बालाजी भावजींकडून गिटार आणू की." शेवटी मी बालाजीची हैदराबादला बदली केली. तर तिथं तिचा मावसभाऊ निघाला! मग बालाजीला थेट दुबईला धाडलं. तिथं आमचं कुणी नव्हतं. बालाजी सुखी झाला, मीही झालो.

आणि मग आमच्या घरात खरीखुरी गिटार आली.

माझा मेहुणा पुण्याला असतो. त्यानं हौसेनं इलेक्ट्रिक गिटार घेतली, वर्षभर तिच्यावर ओले टॉवेल वाळवले, आणि शेवटी लहान स्पीकरसकट ती भाचीला देऊन टाकली. भाची म्हणजे आमची मुक्ता. इथं आमच्या गावात, अहमदपूरलाच, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पोरीनं मोबाइलवर बघून बघून पाच महिन्यांत बोटं बसवली. रोज संध्याकाळी दोन तास! मला अभिमानानं भरून यायचं, आणि ती काही शंका विचारेल या धास्तीनं मी ते दोन तास भाजी आणायला जायचो. त्या पाच महिन्यांत आमच्या घरी जेवढी मेथी खाल्ली गेली तेवढी गावातल्या शेळ्यांनीही खाल्ली नसेल.

कॉलेजचं गॅदरिंग जवळ आलं तशी एक दिवस ती म्हणाली, "पप्पा, पेडल लागतंय."

"सायकल तर नीट आहे की तुझी."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी लगेच हसलो, म्हणजे तो विनोद ठरावा.

"डिस्टॉर्शनचं पेडल. न्हाईतर ओव्हरड्राइव्ह. पायानं दाबायची डबी असती बघा, तिनं गिटार गुरगुरती. आत्ता नुसतं टिंगटिंग वाजून राहिलं. स्टीलच्या ताटावर चमचा मारल्यासारखं."

"मग मागव की मोबाइलवर."

"न ऐकता कसं घ्यायचं? स्वस्तातल्या डब्या लई फसव्या असतेत. एखादी नुसती माशीसारखी घोंघावती. आन आपल्याला दोन हजाराच्या आत पाहिजे. तुम्ही चला ना नांदेडला. तुम्हाला कळतं त्यातलं."

"त्यांना न्हाई कळणार तर कुणाला?" सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी बी येते. मला बी ऐकायचंय."

पुढचे चार दिवस मी शाळेच्या मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसून व्हिडिओ पाहिले. (मी गणिताचा शिक्षक. पोरांना वाटलं, सर नवीन पद्धत शिकतायत.) त्यातून तीन शब्द पाठ झाले. गेन, टोन आणि लेव्हल. त्या तीन शब्दांच्या भांडवलावर मी रविवारी सकाळी बायको, लेक आणि गिटार घेऊन एसटीत चढलो.

बसमध्ये मुक्तानं विचारलं, "पप्पा, तुमच्या टायमाला कुठलं पेडल वापरायचे?"

"आमच्या टायमाला पेडल न्हवतं," मी मोठ्यानं म्हणालो. "सगळं बोटात असायचं!"

पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून आदरानं माझी बोटं पाहिली. सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. रस्ता खराब आहे, असं मला वाटलं.

नांदेडला वजिराबादच्या एका गल्लीत रहीमचाचांचं दुकान. तीन पिढ्या हार्मोनियम दुरुस्तीचं काम. आता सोबत गिटारीही ठेवतात. खाली पेट्या, वर आकड्यांना टांगलेल्या ढोलक्या, आणि काचेच्या कपाटात, मिठाईवाल्यानं बर्फी मांडावी तशा, रंगीबेरंगी पेडलच्या डब्या. एक भजनी बुवा पेटीचा भाता दुरुस्त होईस्तोवर सतरंजीवर बसलेले होते.

चाचांनी दोन हजाराच्या आतल्या तीन डब्या काढून ठेवल्या. हिरवी, पिवळी आणि काळी.

मी काळी उचलली, हातात तोलली, (भोपळा घेताना तोलतो तशी) आणि म्हणालो, "गेन कसा आहे हिचा?"

चाचांचा चेहरा फुलला. "अरे वा! साहब जानकार दिसून राहिले!"

"कॉलेजपासून वाजवतात," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच गोड होता.

"मंग तुम्हीच वाजवा ना साहब! बेटी बसून ऐकंल, तिला आवाज बराबर कळंल."

"न्हाई, म्हणजे... कालच नखं कापली."

"नखं कायकू पायजे? ये पिक लो, इससे तार छेडो."

"उभ्यानं वाजवायची सवय न्हाई मला."

"ये स्टूल लो."

"आधी जोडणी करावी लागंल. ती मी माझ्या हातानंच करतो. दुसऱ्याची चालत न्हाई मला."

हे वाक्य माझ्या तोंडून का निघालं, हे मला आजही सांगता येणार नाही. चाचा तर खूशच झाले. "करा, करा! तंवर मैं चाय बोलके आता."

पेडलला दोन बाजूंना दोन भोकं होती आणि माझ्या हातात दोन वायरी. एक गिटारीची, एक स्पीकरची. म्हणजे बरोबर येण्याची शक्यता निम्मी. मी पोरांना हे गणित वीस वर्षं शिकवतोय. वायरी खुपसल्या, स्टुलावर बसलो, डोळे मिटले, (व्हिडिओतले सगळे मिटतात) आणि तारांवर हात मारला.

काही नाही. आवाजच नाही!

"पप्पा, मला वाटतंय वायर..."

"थांब, मुक्ता. मशीन गरम व्हायला वेळ लागतो."

मी गेनचं बटण पूर्ण फिरवलं. काही नाही. लेव्हल पूर्ण फिरवली. काही नाही. मग चाचांच्या कमरेएवढ्या स्पीकरकडं वळलो आणि त्याच्यावर जेवढी बटणं दिसली तेवढी सगळी उजवीकडं नेऊन टेकवली.

"आवाज येईना का सायेब?" बुवांनी विचारलं.

"येतोय, बुवा. जरा बारीक हाय."

बुवांनी कानामागं हात धरला आणि खरंच ऐकायला लागले!

तेवढ्यात चाचा आले. वाकून बघितलं. "अरे साहब, तुमने तो उल्टा लगाया!" असं म्हणून, मी नको नको म्हणेस्तोवर, त्यांनी वायरी काढल्या आणि अदलाबदल करून बसवल्या.

मला पहिल्यांदा वाटलं, स्टेशनातली एखादी मालगाडी रूळ सोडून गल्लीत शिरली. मी तारांना हातही लावला नव्हता. गिटार स्पीकरसमोर धरली होती, आणि गिटार स्पीकरला ओरडत होती, स्पीकर गिटारीला ओरडत होता, दोघं मिळून आवाज चढवत होते. (सासरच्या मंडळींत लग्नात झालेलं भांडण मला आठवलं.) काचेच्या कपाटातल्या डब्या नाचायला लागल्या. वरच्या ढोलक्या कुणी न वाजवता आपोआप घुमायला लागल्या. त्यातली एक आकड्यातून निसटली, माझ्या खांद्यावर आपटली आणि गडगडत बुवांच्या मांडीवर जाऊन बसली.

"पाँव मारो! साहब, पाँव मारो!" चाचा कानावर हात ठेवून ओरडले.

मी पेडलवर पाय मारला. आवाज दबला. देवाचे आभार मानले, आणि नीट बंद झालंय ना या खात्रीसाठी पुन्हा एकदा पाय मारला!

परत मालगाडी!

पायाखालचं बटण एकदा दाबलं की बंद आणि पुन्हा दाबलं की चालू होतं, हे मला तेव्हा माहीत असायचं कारण नव्हतं. मी आपला स्कूटरच्या ब्रेकसारखा दाबतच राहिलो. मालगाडी, शांतता, मालगाडी, शांतता. गल्लीतले लोक दारात जमले. बांगड्यांच्या दुकानातल्या दोन बाया हातात डझनभर बांगड्यांसकट धावत आल्या. एक रिक्षावाला विचारत होता, "क्या फटा? क्या फटा?" आणि मधल्या एका शांततेत बुवांनी मांडीवरची ढोलकी नीट सावरून गंभीरपणे विचारलं, "सायेब, ह्यो राग कोणता म्हणायचा?"

सुनंदा उठली. सावकाश भिंतीपाशी गेली. बोर्डावरचं बटण बंद केलं.

सगळं थांबलं. चाचा भला माणूस. गल्लीतल्या लोकांकडं बघून म्हणाले, "कुछ नहीं, कुछ नहीं. साहब का हात पुराना है, मशीन नयी है."

"पुराना कुठला, चाचा," सुनंदा म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा धरलीय त्यांनी."

मी स्टुलावरच होतो. गिटार मांडीवरच होती. "म्हणजे... तुला माहीत होतं?"

"हाव."

"कधीपासून?"

"बायोडाटा आला त्या दिवसापासून. त्या फोटोतल्या गिटारीला तारा कुठं हायत? एक बी तार न्हाई. बाबांनी भिंग लावून दाखवलं सगळ्यांना."

"सगळ्यांना!"

"मुक्ताला न्हाई सांगितलं. तिला वाटायचं, आपला बाप लई भारी."

मुक्ता ओठ दाबून जमिनीकडं बघत होती. "मला बी पाचवीतच कळलं होतं, पप्पा," ती हळूच म्हणाली. "मामानं सांगितलं."

बुवांनीसुद्धा माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"मग होकार कशाला दिलास?" मी सुनंदाला विचारलं. गल्ली भरलेली होती, पण मला त्या क्षणी हेच विचारावंसं वाटलं.

"'सवड मिळाली की' म्हणताना तुमचे कान लाल झाले होते. जास्वंदीसारखे! म्हटलं, ह्या माणसाला खोटं बोलता येत न्हाई. बोलला तरी कान बघून सापडंल." मग ती हसली. "पण त्या बालाजीला दुबईहून परत आणा आता. उन्हात लई वर्षं झाली बिचाऱ्याला."

बांगड्यावाल्या बायांपैकी एकीनं डोळ्याला पदर लावला. रिक्षावाला म्हणाला, "चलो, कुछ नहीं फटा," आणि गेला.

त्यानंतर पेडलची निवड दहा मिनिटांत झाली, कारण मी सतरंजीवर बुवांशेजारी बसून होतो. मुक्तानं एकच तुकडा तिन्ही डब्यांवर वाजवला. हळू, मग जोरात. हिरवीतून नुसती घोंघों आली. काळी लई गुरगुरायची, पण हळू वाजवा नाहीतर जोरात, तेवढीच. पिवळी मात्र बोटाप्रमाणं वागत होती.

"ये ओव्हरड्राइव्ह," चाचा पिवळीवर बोट ठेवून म्हणाले. "हळू बोलला तर गोड बोलतो, जोरात बोलला तर चिडतो. आन काळा डिस्टॉर्शन. वो हमेशा चिडेला रहता."

"म्हणजे पिवळी आमच्या सासूबाई आन काळी आमच्या नणंदबाई," सुनंदा म्हणाली. "पिवळी द्या."

"अगं, पण काळीचा गेन..." मी सतरंजीवरून म्हणालो.

तिघांनी माझ्याकडं पाहिलं. बुवांनी माझ्या हातात चहाचा कप दिला.

भाव सुनंदानंच केला. दोन हजाराच्या आत पेडल, वरून एक बेल्ट आणि चार पिक. ढोलकीच्या तडकलेल्या कडीचे पैसे चाचांनी घेतले नाहीत. "इतना तो कोई हँसाता नहीं," म्हणाले.

गॅदरिंग छान झालं. मुक्तानं स्टेजवर डबीवर पाय ठेवला, आणि ती गुरगुर अशी काही निघाली की मागच्या बाकांवरची पोरं उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचे प्राध्यापक माझा हात दाबून म्हणाले, "सर, बापाचा हात उतरलाय पोरीत." सुनंदा वाकून माझे कान बघत होती.

आता मी शिकतोय. रीतसर. रोज संध्याकाळी मुक्ता खुर्चीवर आणि मी खाली. (मेथी बंद झाली.) चार महिने झाले. एक कॉर्ड (म्हणजे तारांचा एक मेळ) येतो. दुसरा येतो येतो म्हणतो आणि येत नाही. "पप्पा, तुम्ही पेडल लावूनच वाजवत जा," मुक्ता म्हणाली. "त्यात चुका झाकून जातेत."

गेल्या रविवारी सकाळी मी पेडल लावलं, दार लोटलं आणि अख्खं एक गाणं सलग वाजवलं. वाजवून झालं तर दाराशी शेजारचे दिगंबरकाका उभे. खांद्यावर टॉवेल, पायात घाईघाईनं सरकवलेल्या चपला, चेहऱ्यावर खरी काळजी.

"काय सर, बोअर मारून राहिलात आन सांगितलं बी न्हाई?" म्हणाले. "किती फूट गेलं? पाणी लागलं का?"

मी मांडीवरच्या गिटारीकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं.

"कुठलं काय, काका," म्हटलं. "चार महिने झाले, नुसता फुफाटा उडून राहिलाय!"