सरावाच्या बाटल्या

बाई समोर आल्या की आधी तुमच्या हातातली वस्तू काढून घ्यायच्या. कात्री असो, कंदील असो, चहाचा कप असो. ती पाठीमागे लपवायच्या आणि म्हणायच्या, "हे न्हाय धरा. आता काय करशीला?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील; सुखात असलेल्याला बसू देत नाहीत. माझा चहा तर त्यांनी कायमचाच ‘न्हाय’ धरला होता.

सोलापुरातल्या एका नर्सिंग शाळेत मी स्टोअरकीपर होतो आणि बाई तिथं शिकवायच्या. मूळच्या मैंदर्गीच्या. घरात कानडी, वर्गात मराठी, राग आला की दोन्ही. पूर्वेकडच्या निर्वासितांच्या छावण्यांत काही महिने काम करून आल्या, आणि तेव्हापासून एकच ध्यास घेऊन बसल्या. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना पूर, भूकंप, छावण्या यांसाठी तयार करायचं. परदेशी जाणाऱ्या मदत पथकात त्यांना पाठवायचं, आणि बरोबर स्वतःही जायचं. सगळ्यांचे अर्ज गेलेले होते.

मी म्हणालो, "बाई, सोलापुरात पूर यायचा तर आधी पाऊस मागवावा लागंल. मागणीपत्र भरू का?"

"भरा की. तुमच्या स्टोअरातनं एक तरी गोष्ट वेळेवर आलेली बघू दे."

सराव वसतिगृहामागच्या मैदानात चालायचा. रुग्ण म्हणून मला आडवं पाडत, कारण शाळेत दिवसभर रिकामा मी एकटाच, असं बाईंचं मत. एकदा मला पडक्या भिंतीखाली सापडलेला माणूस केलं होतं. वर लिंबाची सावली, पोटात दोन भाकरी. मला झोप लागली. साखर पेठेतल्या विणकरांच्या घरची पद्मा मला तपासायला आली आणि घाबरून ओरडली, "सिस्टर, हे बोलतच नाहीत!"

बाईंनी वाकून माझं घोरणं ऐकलं. म्हणाल्या, "हा मेला. पुढं चला."

मुली खिदळत पुढं गेल्या. मेलेल्यानं उठून चहा मागितला. मिळाला नाही.

सलाईनची तेव्हा टंचाई. सरावासाठी रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत नळाचं पाणी भरत आणि रबरी बूच परत बसवत. त्या बाटल्यांची खोकी माझ्याकडं देताना बाई म्हणाल्या, "ह्यांच्यावर मोठ्या अक्षरात लिवा, ‘खोटं’."

मला ते काही पटलं नाही. तपासणीचे साहेब आले आणि स्टोअरात ‘खोटं’ लिहिलेली खोकी दिसली, तर माझी काय शोभा? म्हणून मी हुशारी केली. प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यावर खडूनं बारीकशी फुली मारली. खूण आपली आपल्याला कळल्याशी कारण. पुढं तपासणी आली. सगळं चकचकीत दिसावं म्हणून मीच उभं राहून खोकीनखोकी ओल्या फडक्यानं पुसून घेतली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. मंगळवेढ्याच्या पलीकडं तलावाच्या दुष्काळी कामावर हगवण-उलटीची साथ आल्याचा फोन एका सकाळी आला. बाई सहा मुली घेऊन निघाल्या. मी फुली नसलेली चार खोकी जीपमध्ये चढवली आणि ऐटीत त्यांच्यावर बसलो. तोवर एकाही खोक्यावर फुली उरलेली नव्हती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिथं मांडवाखाली माणसं ओळीनं पडली होती. डोळे खोल गेलेले. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. पहिल्याच जागी एक धनगराची बाई तीन-चार वर्षांचं पोर मांडीवर घेऊन बसली होती. पोराचं रडणंही थांबलं होतं. पद्मानं बाटली टांगली, नळी जोडली, शीर शोधली. वर्षभर तसल्याच बाटल्या हाताळल्यामुळं तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. बाईंनी मात्र बाटली जवळून पाहिली. रबरी बुचावर आधीच सुयांची भोकं होती. कितीतरी.

"पद्मा, सुई मागं घे."

त्यांनी दुसरी बाटली काढली. तिसरी. मग चारही खोकी पालथी घातली. सगळ्या बुचांना भोकं.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता कानडी सुरू होणार. झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी खऱ्या बाटल्या आणायला जीप सोलापूरला पिटाळली. ती परतायला संध्याकाळ होणार होती. मग खोकी पायानं बाजूला सारली आणि मैदानातल्याच आवाजात विचारलं, "सलाईन न्हाय धरा. आता काय करशीला?"

"तोंडानं पाणी," पद्मा म्हणाली.

मजुरांसाठी सुकडी शिजायची, त्या शेडमध्ये गुळाच्या ढेपी होत्या. मीठ बायकांच्या गाठोड्यांत निघालं. तीन दगडांवर पाणी उकळलं. "मीठ डोळ्यातल्या पाण्याइतकंच खारट," बाईंनी बजावलं. ते माप माझ्याजवळ होतं.

त्यांनी वाटी-चमचा देऊन मला त्या धनगराच्या बाईसमोर बसवलं. "एक चमचा द्या. थांबा. परत चमचा. उलटलं तर वाईच दम खाऊन परत. थकायचं न्हाय."

"डागदर हाय का तुमी?" पोराच्या आईनं विचारलं.

"न्हाय."

"आसू द्या. लई शाणं हाय ओ ह्ये. मेंढरं नावानं वळखतंय. पितंय बगा गुमान."

पोर दोन चमचे गिळायचं, तीन उलटायचं. ऊन मांडवाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेलं. मग गिळणं थांबलं. पाणी ओठाच्या कोपऱ्यातनं गळ्यावर येऊ लागलं. आई म्हणत होती, "द्या की अजून. अजून वाईच द्या की ओ." आणि मी देत होतो.

बाई आल्या. पोराचा हात हातात घेऊन नाडी बघत बसल्या. खूप वेळ. मैदानात ‘मेला, पुढं चला,’ एवढं म्हणायला त्यांना किती सोपं जायचं! पदरानं त्यांनी त्याचा गळा पुसला. माझ्या हातातला चमचा काढून घेतला, उकळत्या पाण्यात बुडवला, आणि घेतलेली वस्तू त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात परत ठेवली.

"शेजारची म्हातारी पितीया," त्या म्हणाल्या. "तिच्याम्होरं बसा."

म्हातारी जगली.

पुढं चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "सरावाच्या खोक्यांवर खूण नव्हती?" मी तोंड उघडलं, तोच बाई म्हणाल्या, "बाटली बघून घ्यायचं काम माझं." आणि ज्याचं तोंड अख्ख्या शाळेत कुणाला बंद करता आलं नव्हतं, त्या मी ते आपणहून मिटलं.

बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटलो. बाई म्हणाल्या, "तुमची नोकरी गेली तर खोक्यांवर ‘खोटं’ कोण लिवंल? जावा, लिवा."

परदेशाच्या यादीत पद्माचं नाव आलं. बाईंचं आलं नाही. त्यांची बदली अक्कलकोटकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात झाली.

तिथं जायला मला चार वर्षं लागली. एसटीत वाटभर एकच वाक्य घोकत होतो: बाई, फुली मी मारली होती आणि पुसलीही मीच. दवाखान्यात एक नवी, कोवळी नर्स होती.

"सिस्टर व्हय? उन्हाळ्यात वारल्या की त्या. कावीळ झालती."

मी बाकावर बसलो. तिनं पाणी दिलं. समोर फडताळात सलाईनची एक जुनी बाटली होती. उठून मी तिच्याकडं हात नेला.

"तिला हात नका लावू," पोरगी म्हणाली. "सिस्टरांची शिकवायची हाय ती."

बुचाला भोकं होती. काचेवर चिकटपट्टी लावलेली, आणि तिच्यावर दारातूनही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत बाईंनी लिहून ठेवलं होतं: खोटं.