इंजिन इकायचं न्हाई

येलदरी धरणाच्या फुगवट्यावर आमची नाव चालते. गाव अलीकडं, निम्म्या गावाची शेतं पलीकडं. नवऱ्यानं कमरेच्या दुखण्यानं खाट धरली, तेव्हापासून इंजिनावर मी बसते. थोरल्या दिरांना हे कधी पटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बॅटरी सारखी उतरायला लागली. जिंतूरहून चार्ज करून आणावी, दिवसभर नाव चालवावी, की दुसऱ्या सकाळी इंजिन सुरू करणारा सेल्फ नुसता कण्हायचा. बॅटरी तर नवी होती. मिस्त्री येऊन म्हणाला, "अल्टरनेटर गेलाय, बॅटरी चार्जच होईना. बदला."

"बाईच्या हातात दिल्यावर जाणारच," दीर म्हणाले. "इंजिन इकून टाकू. गिऱ्हाईक हाय, उद्या बोलावतो."

नवऱ्यानं खाटेवर भिंतीकडं तोंड फिरवलं. मला त्याचाच जास्त राग आला.

सकाळी भाकरी उरकून, नवऱ्याचा व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन मी नावेवर गेले. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरडली. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा दाबून पाहिला, तो ताठ होता. शेजारणीच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली, इंजिन सुरू केलं आणि मीटर लावला. आकडा बाराच्या वर सरकेना. चार्ज होत असती तर तो चौदाकडं गेला असता. म्हणजे मिस्त्रीचं खरं होतं. मी इंजिन बंद करून तशीच बसून राहिले.

उठताना चावी पुन्हा फिरवली आणि माहेरचा, ताडकळसचा, वडिलांचा ट्रॅक्टर आठवला. त्यावर चावी फिरवली की लाल दिवा लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. आमच्या नावेवरचा दिवा मात्र लागतच नव्हता, आणि लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरून चाललो होतो. दिव्याची बारीक तार चाचपत गेले. ती थेट अल्टरनेटरला जात होती; तिच्यातून सुरुवातीचा करंट मिळाल्याशिवाय तो चार्ज करायला लागतच नाही. फळीखाली, लोखंडावर घासून तुटली होती. सोलून जोडली, टेप गुंडाळली.

चावी फिरवली. दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला आणि मीटर चौदावर गेला.

तेवढ्यात दीर गिऱ्हाइकाला घेऊन काठावर आले. दिरांसमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

"बंद कर. ह्यांना इंजिन बघायचंय," ते म्हणाले.

"बघू द्या की चालू हाय तवर. पण इकायचं न्हाई, भाऊजी."

"इचारलंय कोण तुला?"

"नाव मी चालवते. मलाच इचाराया पायजे."

दीर गिऱ्हाइकाकडं वळले. तो बिचारा धरणाला वळसा घालून आला होता. तोच हळू म्हणाला, "वहिनी, पलीकडं सोडता का? माझं गाव तिकडंच हाय."

"बसा," मी म्हणाले. खुरपायला निघालेल्या बायकाही चढल्या. दीर काठावर उभे होते. नाव पाण्यात निघाल्यावर मी मागं वळून पाहिलं नाही.