दिलदारच्या दाताभोवतीचं हाड

दिलदारचा दात हलतो हे मला आधी कानांनी कळलं. कोल्हापुरात शनिवार पेठेत आमच्या घरासमोर त्यांच्या ब्रास बँडचं दुकान आहे. भिंतीला लाल डगले टांगलेले, कोपऱ्यात ढोल, आणि दुपारी चार वाजले की दाराशी स्टुलावर दिलदार क्लॅरिनेटचा सराव करत बसलेला. त्या आवाजावर मी कित्येक वर्षं चहाचं आधण ठेवत आले. १९८३ च्या उन्हाळ्यात वरच्या सुरांवर तो अडायला लागला. चढत चढत जायचा, शेवटची पायरी आली की सोडून द्यायचा, आणि पुन्हा खालून सुरू.

"क्लॅरिनेटची पत्ती खराब झाली का रे?" मी एकदा रस्ता ओलांडून विचारलं.

"पत्ती झ्याक हाय वैनी. दात हालतोय," तो म्हणाला आणि वरचा समोरचा दात जिभेनं पुढे ढकलून दाखवला. मी मान फिरवली.

दिलदार तेव्हा अडतीस वर्षांचा होता. त्याचे वडील सिकंदर सनई वाजवायचे. १९५५ साली माझ्या लग्नात दारात तेच बसले होते. पुढे वराती सिनेमाची गाणी मागायला लागल्या आणि सातवीतून शाळा सोडलेल्या दिलदारनं संस्थानच्या बँडमधल्या एका निवृत्त वादकाकडे जाऊन क्लॅरिनेट शिकून घेतलं. राधानगरीपासून शिरोळपर्यंत लोक लग्नाची तारीख काढताना दिलदार मोकळा आहे का ते विचारायचे. बाकी बँड कुणाचाही चालेल, क्लॅरिनेट त्याचं हवं. ट्रकमधून जाताना क्लॅरिनेटची पेटी कधी खाली ठेवायचा नाही, मांडीवर घेऊन बसायचा. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असं वाटतही नव्हतं.

एका जुन्या दातांच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, चार दात काढा आणि कवळी बसवा. कवळीवर क्लॅरिनेट धरता येईल का, असं यानं विचारलं तर ते म्हणाले, त्यापेक्षा ढोल वाजवा.

त्याच पावसाळ्यात माझा मुलगा महांतेश मुंबईहून हिरड्यांचं शिक्षण पुरं करून आला आणि आमच्या पुढच्या खोलीत त्यानं दवाखाना थाटला. नखाएवढ्या फिल्मवर दिलदारच्या दाताचा फोटो काढून त्यानं मला उजेडाशी धरून दाखवला. "अव्वा, हे काळं दिसतंय ना, तिथं हाड असायला हवं. हिरडी बाहेरून उभी आहे, आतला आधार गेलाय. त्यात वाजवताना वरचे दात वाद्यावर टेकतात. सगळा भार याच दातावर."

त्याचा विचार असा होता: हिरडी उघडायची, दाताच्या मुळावरची घाण खरवडायची, अक्कलदाढेच्या मागचं थोडं हाड काढून ते या खड्ड्यात भरायचं आणि टाके घालायचे. धरलं तर तिथं नवं हाड तयार होतं.

"धरलं तर म्हणजे?" मी विचारलं.

"मुंबईला मी चार केलीत."

"ती धरली?"

"तीन," तो म्हणाला. मग, "दोन नक्की."

कोल्हापुरातलं त्याचं हे पहिलंच होतं. आणि पहिलाच रुग्ण असा, की ज्याचं तोंड सगळ्या जिल्ह्याला माहीत. मला वाटायचं, त्यानं आधी कुणातरी निवृत्त मास्तरांपासून सुरुवात करावी. बोलले मात्र नाही.

दिलदारची आई खैरुनबी चौकशीला आली. तिच्या तोंडात तीन दात, तिन्ही मिश्रीनं काळे.

"हाड कुणाचं घालणार रं बाबा?"

"त्याचंच, आजी. मागच्या बाजूचं."

"आन् मागं खड्डा पडंल त्येचं?"

"तिथं आपोआप भरून येतं."

खैरुनबी विचारात पडली. "मागं आपसूक भरतंय, तर मंग फुडं का भरंना?"

महांतेशनं बरंच समजावलं, जंतू, खड्ड्याच्या भिंती, रक्ताची गाठ असं काय काय. मी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. मला तिचा प्रश्न नीट कळला, उत्तर अजून कळलेलं नाही.

गणपतीच्या मिरवणुका संपल्यावर तिसऱ्या दिवशी ते काम झालं. दोन तास लागले. मी स्वयंपाकघरात एकच पातेलं तीनदा घासलं. दिलदार बाहेर आला तेव्हा गाल सुजलेला, वरच्या हिरडीवर गुलाबी लेप थापलेला आणि अंगाला लवंगेचा वास. हलणारा दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला होता.

"सहा महिने फुंकायचं नाही," महांतेशनं बजावलं. "दातावर काही टेकवायचं नाही. जिभेनंसुद्धा चाचपायचा नाही."

"मंग पेटी काय उशाला घिऊन झोपू?" दिलदार सुजल्या तोंडानं म्हणाला.

तुळशीचं लग्न झालं आणि हंगाम सुरू झाला. बँडनं त्याला झांजा दिल्या. लाल डगला घालून जिल्ह्याचा नावाजलेला क्लॅरिनेटवाला मागच्या रांगेत झांजा बडवत चालायचा. मुरगूडच्या एका वरातीत कुणीतरी ओरडून विचारलं, "काय पावणं, क्लारनेट इकून झांजा घेतल्या काय?"

"हाड पेरलंय," यानं उत्तर दिलं. "उगवायची वाट बगतोय."

लोक हसले. मला हे त्यानंच येऊन सांगितलं, पण सांगताना तो हसला नाही. निघताना म्हणाला, "वैनी, डाक्टरला इचारा की, उगवतंय का न्हाय ते कळतंय का मधी?" मी विचारलं. मधे काही कळत नाही, असं महांतेश म्हणाला. त्याचंही लक्ष जेवणात नसायचं.

जानेवारीत एका दुपारी चार वाजता समोरून क्लॅरिनेट ऐकू आलं. मी गॅस बंद केला आणि तशीच पलीकडे गेले. दुकानाचं एक दार लोटलेलं, आत दिलदार भिंतीकडे तोंड करून वाजवत होता.

"दिलदार, अजून चार महिनेसुद्धा झाले नाहीत."

"दात लावल्यालाच न्हाय वैनी. ह्ये बगा." त्यानं खालच्या ओठासारखाच वरचा ओठही दातांवर दुमडून घेतला होता. वाद्य दोन्ही ओठांत धरलेलं. "आब्बा सनई अशीच धरायचं. निस्ते ओठ. लई दुकतंय, पर जमाय लागलंय. डाक्टरला सांगू नगा. रागावंल."

मी सांगितलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. महांतेश चिडेल याची भीती होती. दात निसटला तर मी गप्प राहिले म्हणून निसटला असं होईल, ही त्याहून मोठी भीती होती. तरी रोज चारला मी खिडकी उघडून ठेवायची आणि आवाज आला की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की अपराधी वाटायचं.

मार्चअखेर महांतेशनं तार काढली. दात बोटानं हलवून पाहिला. हलेना. नवी फिल्म धुऊन उजेडाशी धरली. "अव्वा, बघ, काळं होतं तिथं पांढरं आलंय." मी फिल्म उलटी धरली होती, त्यानं सुलटी केली. त्याच आठवड्यात त्यानं मुंबईच्या आपल्या सरांना चार पानी पत्र लिहिलं, पोस्टात टाकायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याआधी त्याला दिलदारनं पूर्वीसारखं वाजवलेलं एकदा बघायचं होतं.

दिलदार पेटी घेऊन दवाखान्यात आला. त्यानं वरचे दात वाद्यावर टेकवले, जुन्या सवयीप्रमाणे, आणि वाजवायला लागला. दात हलला नाही. पण सूर पातळ आला, फाटका. त्यानं दोनदा प्रयत्न केला. मग माझ्याकडे बघितलं, ओठ दुमडला आणि फुंकलं. सूर भरून आला आणि न अडता वरपर्यंत गेला.

"हे कधीपासून?" महांतेशनं विचारलं.

"जानेवारीपासनं."

"अव्वा, तुला माहीत होतं?"

"होतं."

महांतेश फिल्म पुन्हा उजेडाशी नेऊन बराच वेळ बघत राहिला. "फोटोचा कोन जरा वेगळा आलाय," शेवटी म्हणाला. "कदाचित हाड आलंय. कदाचित भार गेला म्हणून दात घट्ट झाला. दोन्ही असेल."

"मग कळणार कसं?" मी विचारलं.

"खरं बघायचं तर हिरडी परत उघडून बघावी लागेल."

दिलदारनं क्लॅरिनेट पुसायला घेतलं होतं. "पेरल्यालं रुजलंय का ते बगाय कोण उकरतंय व्हय डाक्टर? तुमी तुमच्या सायबाला काय लिव्हायचं ते लिवा. एप्रिलात शिरोळला चार लग्नं हायती. मी झांजा परत देऊन आलोय."

महांतेशनं पत्राच्या शेवटी एक ओळ वाढवली: रुग्णानं जानेवारीपासून वाजवण्याची पद्धत बदलली होती. मला दाखवून मगच पाकीट चिकटवलं. सरांचं उत्तर आलं, त्यात अभिनंदन होतं आणि ती ओळ उतरवून तिच्याखाली प्रश्नचिन्ह काढलं होतं.

याला आता दोन वर्षं होत आली. दात आहे. खैरुनबी म्हणते तिच्या नवसानं, बँडवाले म्हणतात महांतेशच्या हातानं, दिलदार वडिलांचं नाव घेतो. महांतेशला विचारलं तर तो दुसरंच काही बोलायला लागतो. चार वाजता मी आधण ठेवते आणि खिडकीशी उभी राहून दिलदारच्या तोंडाकडे बघते. सुरुवातीला तो आता पुन्हा दात टेकवतो, हे दिसतं. वरचा सूर जवळ आला की तो मान किंचित खाली घालतो, आणि तिथं तो ओठ दुमडतो की दात टेकवूनच वर जातो, ते मला इथून दिसत नाही.