गेनबाची दहा बोटं आणि शेठची सुतळी

लाकडाच्या वखारीत दोन गोष्टी झाडून संपत नाहीत. एक ढलप्या, दुसरे किस्से. ढलप्या निदान चुलीत तरी जातात. किस्से माझ्या डोक्यात साचलेत, आणि डोकं म्हातारं झालंय. म्हणून लिहून टाकतो. चौथीत शाळा सोडली, तेव्हा चुका काढत बसू नका.

आमची वखार कर्जतच्या जरा अलीकडं, रस्त्याला लागून. मालक सुदामशेठ. लाकूड फोडणारा गेनबा. आणि त्याच्यावर ओरडायला मी, आप्पा. कुऱ्हाडीनं फोडून गेनबाचे खांदे गेले, तेव्हा शेठनी मन्सूर मिस्त्रीकडून मशीन बनवून घेतलं. आडवा लोखंडी पाट, त्यावर ओंडका. मागून जाड दांडा रेटतो, पुढं पाचर उभी. मधे ओंडका असला तर ओंडका फुटतो. दुसरं काही सापडलं तर तेही फुटतं. मशीनला डोळे नसतात!

*

मन्सूर सहा फूट. त्यानं पाट स्वतःच्या कमरेला जुळवला. आमचा गेनबा म्हणजे उभा केला तरी बसल्यासारखा! पाट त्याच्या छातीला आला. ओंडका वर चढवता चढवता बिचारा तासाभरात घामानं निथळला.

मी म्हणालो, "अरं मिस्त्री, हे मशीन हाय का माळा?"

मन्सूर शांतपणे म्हणाला, "आप्पा, मशीन बरुबर हाय. मानूस बदला."

शेवटी पाटाचे पाय कापले. गेनबाचे कापण्यापेक्षा ते सोपं होतं.

*

मग शेठनी मोबाईलवर कुठल्या तरी थंड मुलखातलं मशीन पाहिलं. चार पात्यांची पाचर! एका दाबात ओंडक्याच्या चार फाका, खरबुजासारख्या. लगेच मन्सूरला तशी पाचर बनवायला लावली.

तिकडचं लाकूड सरळ. आपली बाभूळ म्हणजे भावकीचं भांडण, गाठीवर गाठ! पहिलाच ओंडका अर्ध्यात अडकला. पुढं जाईना, मागं येईना. मशीन नुसतं गुरगुरतंय.

अर्धा दिवस खपून गेनबानं तो ओंडका मशीनमधून सोडवला. कशानं? कुऱ्हाडीनं!

जाणारायेणारा विचारायचा, "काय गेनबा, मशीन फोडतूस व्हय?"

दुसऱ्या दिवशी साधी पाचर परत बसली. आमच्या बाभळीला तीच मानवते.

*

तरी शेठचं समाधान नाही. "दांडा लई हळू येतुया. तवर मानूस म्हातारा व्हईल."

मी म्हणालो, "झालोय."

मन्सूरनं दांडा ढकलणारा पंप बदलून मोठा बसवला. दांडा असा आला की ओंडका फुटायच्या आधी उडालाच! भिंतीवरून पलीकडं, चहाच्या हॉटेलात. दुधाचं पातेलं वाचलं, पण बाकडं गेलं. नशीब, बाकड्यावर कोणी नव्हतं.

हॉटेलवाला भिंतीवर चढून ओरडला, "शेठ, सरपन पाठवायचं तर टेम्पोनं पाठवा की!"

*

तेव्हा मन्सूर स्वतःच घाबरला. मोठा पंप काढून जुना बसवला, बाजूला जाळी लावली आणि दोन हँडलं बसवली. एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच दांडा चालणार, एक सोडलं की थांबणार. हात हँडलावर, म्हणजे पाचरीपासून लांब. मला अक्कल कमी, पण ही गोष्ट एका क्षणात कळली.

गेनबाला मात्र वेगळीच काळजी. "आप्पा, दोनी हात गुतल्यावर तंबाखू कोन मळनार?"

आता ह्या वयात मी त्याला तंबाखू मळून तोंडात भरवायचो! हॉटेलवाला भिंतीवरून बघायचा आणि म्हणायचा, "आप्पा, घास भरवताय तर नाव पन घ्या!"

*

शेठना हे पटेना. दोन्ही हात अडकले म्हणजे गेनबा अर्धाच कामाला येतो, असा त्यांचा हिशोब. त्यांनी डावं हँडल सुतळीनं दाबून बांधलं. मी सोडलं. त्यांनी परत बांधलं. मी परत सोडलं. सासूसुनेनं एकाच पातेल्यात मीठ घालावं तसं चाललं होतं!

एक दिवस मी दळण आणायला गेलो आणि सुतळी राहिली. गेनबानं सवयीनं डाव्या हातानं ओंडका सरळ केला. हात निघाला, हातमोजा राहिला. मोज्याची दोन बोटं जागेवर चपटी!

मी आलो तर गेनबा जमिनीवर बसून बोटं मोजतोय. "आप्पा, नऊच भरत्यात!"

पांढराफटक पडला होता. मी मोजली. दहा! येडा, ज्या बोटानं मोजत होता तेच धरत नव्हता!

आम्ही हसलो, पण त्याची बायको सखूबाई हसली नाही. दुसऱ्या दिवशी तो चपटा मोजा घेऊन आली आणि शेठच्या टेबलावर ठेवला.

"शेठ, आमच्या चार गायांच्या धारा ह्याच बोटांनी निघत्यात. उद्या ती गेली तर धारा काडाया तुमची सुतळी येनार हाय का?"

शेठ म्हणाले, "अगं बाई, मशीनची चूक न्हाई. त्याला चालवता येत न्हाई. मी सोता चालवून दाखवतो!"

*

आणि दाखवलं! सावेडीचा एक हॉटेलवाला तंदूरच्या लाकडाची ऑर्डर द्यायला आला होता. मन्सूर होता, सखूबाई होती. शेठच्या अंगात जावयानं दिलेला नवा झुळझुळीत शर्ट.

शेठनी एक हँडल सुतळीनं बांधलं. दुसऱ्यावर पोट टेकवलं. दोन्ही हात वर करून म्हणाले, "बगा! दोनी हात मोकळं!"

दांडा निघाला. शर्टाचा घोळ दांडा आणि ओंडक्याच्या मधे गेला. शर्ट ओढला, तसे शेठ ओढले. शेठ ओढले, तसं पोट हँडलावर आणखी दाबलं. पोट दाबलं, तसा दांडा आणखी पुढं!

"आरं थांबवा! आरं मागं घ्या!"

"शेठ, पोट मागं घ्या!" मन्सूर ओरडला.

"पोट कुटं मागं जातंय व्हय!"

गेनबानं धाव घेऊन बटन बंद केलं. शर्ट तिथंच राहिला, शेठ नुसत्या बनियनवर बाहेर आले. सावेडीचा हॉटेलवाला दोन पावलं मागं सरकून म्हणाला, "शेठ, लाकूड चांगलंय. पण फोडायला तुम्ही नका थांबू."

शेठनी माझ्याकडं विळा मागितला, स्वतः सुतळी कापली आणि मन्सूरकडं वळले.

"दोनी हँडलं जागा बदलून लाव. हात पोचला पायजे, पोट पोचलं न्हाई पायजे."

मन्सूरनं खिशातून टेप काढला आणि शेठच्या पोटाला गुंडाळला.

शेठ म्हणाले, "आत्ता नगं. जेवल्यावरचं माप घे!"